चाकवाले काका

आमच्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळात आडनावावरून माणूस ओळखणं अवघड आहे. एकट्या कार्यकारिणीतच तीन कुलकर्णी आणि दोन जोशी. म्हणून माणसं गुणांवरून ओळखली जातात. नाटकवाले, ढोलवाले, टॅक्सवाले (हे मार्च महिन्यात अचानक सगळ्यांचे जिवलग होतात). या मंडळींना गरज पडली की आपण गाठतो. चाकवाले काका मात्र आपल्याला गाठतात.

गणपतीच्या दिवशी आपण वड्यांच्या रांगेत निमूट उभे असावं आणि शेजारून हलक्या, काहीशा डॉक्टरी आवाजात प्रश्न यावा, "तुमची ओढते की ढकलते?" नवखा माणूस दचकतो. त्याला वाटतं, प्रश्न बायकोबद्दल आहे. मुरलेला माणूस "ओढते" एवढंच पुटपुटून रांग सोडतो. वडा गेला तरी चालेल.

प्रश्न गाडीबद्दल असतो. इंजिन पुढची चाकं फिरवतं ती फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे ओढणारी. मागची चाकं फिरवतं ती रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे ढकलणारी. मंडळातल्या बहुतेकांच्या गाड्या ओढणाऱ्या आहेत आणि बहुतेकांना ते ठाऊकही नाही. पण "ठाऊक नाही" हे उत्तर काकांना चुकूनही देऊ नये. आरतीपासून महाप्रसादापर्यंतचा वेळ त्यात जातो.

काकांना गाडी घ्यायची आहे. ती जपानी हवी, स्पोर्ट्स कार हवी, तिला क्लच हवा आणि ती रोज वापरता आली पाहिजे. इथपर्यंत सगळं ठरलेलं आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जावी की मागच्या, एवढंच ठरायचं बाकी आहे. हा वाद काका स्वतःशीच घालतात. मुलगी बालवाडीत होती तेव्हा तो सुरू झाला. आता ती कॉलेजात आहे आणि तिचा विषय अर्थशास्त्र आहे. माणसं निर्णय कसे घेतात याचा तिथे अभ्यास करतात म्हणे. घरी आली की ती वडिलांकडे फार लक्ष देऊन बघते.

आता 'रोज' म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. काका न्यूयॉर्कच्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतात. वाय-टू-केच्या लाटेत आले आणि राहिले. सकाळी घरून मेट्रोपार्क स्टेशनपर्यंत गाडी, तिथल्या बहुमजली पार्किंगमध्ये ती ठेवायची, पुढे ट्रेनने मॅनहॅटन. संध्याकाळी हेच उलट. घर ते स्टेशन चार मैलसुद्धा भरत नाहीत. मध्ये सिग्नलच सिग्नल. वळण म्हणावं असं एकच, आणि तेही न्यू जर्सीची खास देणगी असलेलं जगहँडल: डावीकडे जायचं असेल तर आधी उजवीकडे बाहेर पडायचं, अर्धं वर्तुळ मारायचं आणि मग सिग्नलला गप्प उभं राहायचं. काकांच्या स्पोर्ट्स कारची सगळी भिस्त या एका जगहँडलवर आहे. "तिथून बाहेर पडताना टायर जरा बोलतात," असं ते सांगतात. मी तिथून अनेकदा गेलो आहे. तिथे पुढे शाळेची बस असते.

सध्या हा प्रवास ते जुन्या कोरोलातून करतात. कोरोला ओढणारी आहे, ऑटोमॅटिक आहे आणि आजवर एकदाही बंद पडलेली नाही. या शेवटच्या गोष्टीचं काकांना मनापासून दुःख आहे. ती बंद पडली असती तर निर्णय घ्यावा लागला असता.

काकांचं शास्त्र मात्र पक्कं आहे. त्यात थट्टेला जागा नाही. एकदा कार्यक्रमानंतर हॉल आवरताना घडीच्या खुर्च्यांनी भरलेली ढकलगाडी आमच्या हाती लागली आणि त्यांनी मला सगळा विषय प्रात्यक्षिकासह समजावला. "पुढून ओढ. आली ना सरळ? आता त्याच हातांनी ओढायचं आणि त्याच हातांनी वळवायचं. जोरात." मी जोरात ओढून वळवायला गेलो तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ भिंतीकडे निघाली. "हे अंडरस्टिअर! पुढच्या टायरांना दोन कामं. त्यांची पकड संपली की गाडी वळायचं नाकारते. आता मागे ये आणि ढकल." ढकलली, वळवली, तर ढकलगाडीचा मागचा भाग बाहेर फेकला गेला आणि खजिनदारांच्या पायावरून गेला. "आणि हे ओव्हरस्टिअर," काका खजिनदारांना म्हणाले. खजिनदारांनी त्या वेळी काय म्हटलं ते मंडळाच्या इतिवृत्तात नाही.

पुढचा भाग त्यांनी पार्किंगमध्ये उभं राहून सांगितला. गाडी वेग घेते तेव्हा तिचं वजन मागे झुकतं. म्हणजे नेमकी ताकद लावायची वेळ येते तेव्हाच मागची चाकं जमिनीला घट्ट दाबली जातात आणि पुढची हलकी होतात. म्हणून ताकदवान गाड्या वर्षानुवर्षं मागच्या चाकांच्या. पुढच्या चाकांना फार ताकद दिली तर एक्सलरेटर दाबताच स्टिअरिंग हातातून निसटू बघतं, कारण इंजिन आडवं बसवलेलं असल्यामुळे डाव्या-उजव्या चाकांकडे जाणारे दांडे बहुधा सारख्या लांबीचे नसतात. याला टॉर्क स्टिअर म्हणतात. मागच्या चाकांच्या गाडीत कामाची वाटणी स्वच्छ: पुढच्यांनी वळवायचं, मागच्यांनी ढकलायचं.

"मग मागच्या चाकांचीच घ्या की," मी म्हणालो.

इथे मी काकांचा मुख्य नियम शिकलो. तुम्ही ज्या बाजूला जाल, काका ताबडतोब दुसऱ्या बाजूला जातात. "असं कसं म्हणतोस?" ते जवळजवळ ओरडले. फ्रंटमध्ये इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढे, गाडीचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन ओढणाऱ्या चाकांवरच. बर्फात त्याचाच आधार. खालून मागे जाणारा लांब दांडा नाही, म्हणून आत जागा जास्त, खर्च कमी. आणि इंटिग्रा टाइप आर? ही गाडी १९९७ साली अमेरिकेत आली. इंजिन जेमतेम १.८ लिटरचं, पण हॉर्सपॉवर १९५, आणि मिनिटाला ८४०० फेऱ्यांपर्यंत किंचाळत जाणारं. वळणावर तिने भल्याभल्या ढकलणाऱ्या गाड्यांचा तोरा उतरवला. "आणि तिच्यात एलएसडी होतं!" काका म्हणाले.

या एलएसडीचं एक प्रकरण आहे. वळताना गाडीचं आतलं चाक हलकं होतं आणि साधा डिफरन्शिअल असेल तर ते नुसतंच गरागरा फिरतं, ताकद वाया जाते. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल ही ताकद दुसऱ्या, जमिनीला टेकलेल्या चाकाकडेही पोचवतो. या यंत्राचं लघुरूप एलएसडी. रविवारच्या मराठी शाळेच्या दारात काका एका पोरसवदा बापाला तळमळीने सांगत होते, "एकदा एलएसडीची सवय झाली ना, की त्याशिवाय मजाच येत नाही." शाळेच्या बाईंनी हे ऐकलं. संध्याकाळी काकूंना फोन गेला. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाही हो, ते एवढं काही करत नाहीत. ते नुसतं वाचतात."

काकांचं मत ऋतूप्रमाणे फिरतं. एप्रिलमध्ये चेरी फुलली की ते रिअरचे होतात. मियाटा डोळ्यांसमोर येते. माझ्दाने १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात दाखवलेली ही दोन माणसांची उघडी गाडी. आजची मियाटासुद्धा वजनाने साधारण १०६० किलोच भरते. काका फोन करतात, किमती काढतात. पण वसंतात उघड्या गाड्यांच्या किमती चढलेल्या असतात. शहाण्या माणसाने थांबावं, थंडीत त्या उतरतात. काका शहाणे आहेत, ते थांबतात. थंडी येते, किमती उतरतात. पण थंडीत बर्फ असतो आणि बर्फात ढकलणारी गाडी कोण घेतो? डिसेंबरपर्यंत काका कट्टर फ्रंटचे झालेले असतात. सिव्हिक एसआय: २०० हॉर्सपॉवर, सहा गिअर, क्लच, चार दरवाजे, पाच माणसं. ठरलं! फक्त नवीन गाडी मिठाच्या रस्त्यावर कशाला काढायची. मार्च सरू दे. मार्च सरतो आणि चेरी फुलते.

या चक्रात कुठेही चूक नाही. मी शोधून पाहिली आहे.

चाकांचं हे वेड त्यांच्यात आलं कुठून? काका ते थेट सांगलीपर्यंत नेऊन भिडवतात. वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. तिची मागची चाकं फिरायची, जशी अँबॅसडरचीही फिरायची. त्या काळी भारतात माणूस ढकलतच पुढे जात असे. वडिलांनी कुंभार्ली घाट त्या पद्मिनीने उतरला आणि चढला, हे काकांच्या घरात पानिपताच्या सुरात सांगतात. मग १९८३ अखेर मारुती ८०० आली, ओढणारी. "देश त्या दिवशी पुढच्या चाकांवर गेला," असं काका म्हणतात आणि लगेच सावरतात, कारण मारुतीचीच ओम्नी आठवते. "ओम्नीचं इंजिन कुठे असायचं? पुढच्या सीटखाली. म्हणजे पुढच्या आसाच्या मागे. आणि फिरायची कुठली चाकं? मागची. सांग आता, मिड-इंजिन, रिअर व्हील ड्राइव्ह. टोयोटाची एमआरटू आणि ओम्नी, मांडणी एकच!" ज्या गाडीत आम्ही दहा-दहा पोरं कोंबून शाळेत गेलो, ती तत्त्वतः स्पोर्ट्स कार होती हे कळल्यावर मला बालपणाबद्दल निराळाच अभिमान वाटू लागला.

काकांचं मूळ दैवत मात्र ओम्नी नाही. ते आहे एई८६. ही कहाणी ते श्रावणातल्यासारखी सांगतात, आणि ती खरंच ऐकण्यासारखी आहे. १९८३ साली टोयोटाने नवी कोरोला काढली. जमाना बदलला होता, सेडान पुढच्या चाकांवर गेली. पण त्याच पिढीतली दोन दरवाज्यांची कूपे मात्र जुन्या मांडणीवर, मागच्या चाकांवरच राहिली. तिचा आतला क्रमांक एई८६. इंजिन १.६ लिटरचं, अंगाने हलकी, खिशाला परवडणारी. जपानच्या डोंगरी रस्त्यांवर तरुण पोरं रात्री तिची शेपटी घसरवत वळणं घेऊ लागली. १९९५ साली शुइचि शिगेनो यांनी 'इनिशियल डी' ही चित्रकथा सुरू केली आणि त्या गाडीचं सोनं झालं. नायक ताकुमी हा टोफूवाल्याचा मुलगा. पहाटे डोंगरावरच्या हॉटेलात टोफू पोचवतो, आणि बापाने गाडीत पाण्याचा पेला ठेवलेला असतो. पाणी सांडायचं नाही. न सांडता वेगाने वळता वळता पोरगा अजिंक्य होतो. २०१२ साली टोयोटाने नव्या कूपेला नावच '८६' दिलं, ते याच पूर्वजाची आठवण म्हणून.

"आणि यातला मुद्दा काय?" काका बोट वर करतात. "तो शर्यतीसाठी चालवत नव्हता. रोजच्या कामाला चालवत होता. रोज टोफू! म्हणजे मागच्या चाकांची गाडी रोजच्या वापराला चालते याचा हा पुरावा आहे."

"मग तुम्ही रोज नको, आज एक दिवस पनीर आणा," काकू आतून म्हणाल्या. "ओक ट्री रोडवर दुकान नऊपर्यंत उघडं असतं."

काका पनीर घेऊन आले. कोरोलाने.

काकांकडे एक एक्सेल आहे. आडव्या ओळींत गाड्या, उभ्या रकान्यांत कसोट्या, प्रत्येक कसोटीला वजन. ही वजनं काका ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे पहिला नंबरही बदलतो. होंडा एस२००० बरीच वर्षं वर होती: होंडाने आपल्या पन्नाशीनिमित्त काढलेली, दोन लिटरचं इंजिन नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जाणारं. ती काकांना हजारो डॉलर स्वस्त असताना 'जरा महाग' वाटली. आता तिची किंमत वाढली आहे आणि काका तिच्याबद्दल मुंबईत न घेतलेल्या फ्लॅटच्या सुरात बोलतात. माझ्दा आरएक्स-८ हिला चार खऱ्या जागा, मागचे दरवाजे उलटे उघडणारे. पण तिचं रोटरी इंजिन पेट्रोलबरोबर थोडं इंजिन ऑइलही मुद्दाम जाळतं. दर काही दिवसांनी तेल तपासायचं. काकूंनी एकच प्रश्न विचारला, "रोज तेल घालायला ती काय मारुतीची शनिवारची रांग आहे का?" आणि ती ओळ एक्सेलमध्ये करडी झाली.

कसोट्यांपैकी 'डिकी' ही कसोटी काका प्रत्यक्ष घेतात. वीस पौंडी तांदळाची बॅग सोबत नेतात. मियाटाची डिकी जेमतेम १३० लिटरची. तांदूळ बसतो, पण मग तांदूळच बसतो. डाळ मांडीवर घ्यावी लागते. सेल्समन लोक या बॅगकडे आधी संशयाने बघतात. त्यातल्या एकाने ती बाहेर काढायला मदत केली आणि नंतर बिर्याणी कशी करायची हे विचारलं. काकांनी त्याला तेही सांगितलं. गाडी घेतली नाही.

'मागची सीट' ही कसोटी मात्र आजींवर घेतली गेली, आणि मी तिचा साक्षीदार आहे. आजी म्हणजे काकांच्या आई. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, नऊवारी, पांढरे स्पोर्ट्स शूज. काका त्यांना "जरा चक्कर मारून येऊ" म्हणून बाहेर काढून थेट जीआर८६ समोर घेऊन गेले. जीआर८६ म्हणजे त्या ८६ ची आजची पिढी: २.४ लिटर, २२८ हॉर्सपॉवर, मागची चाकं, आणि कागदावर चार जागा.

"आई, जरा मागे बसून बघ."

"मागे कुठे?" आजींनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

सेल्समनने पुढची सीट झुकवली. आजींनी आधी काठी आत घातली, मग एक पाय, मग विचार करायला थांबल्या. काकांनी डोकं सांभाळलं, मी नऊवारीचा घोळ सांभाळला, सेल्समनने चेहरा सांभाळला. एकदाच्या आजी आत गेल्या. पुढची सीट मागे आली आणि आजी दिसेनाशा झाल्या.

"पाय जरा तिरके कर, आई."

"तिरकेच आहेत. आता दुमडू का?"

"आरामात आहेस ना?"

आतून काही वेळ नुसता बांगड्यांचा आवाज आला. मग आजी म्हणाल्या, "बाळ, हिच्यात बसायचं नसतं रे. हिच्यात भरायचं असतं."

काकांचा एवढ्याने धीर सुटला नाही. आजी बाहेर निघेपर्यंतच्या वेळात (तो पुष्कळ होता) त्यांनी आईला पुढची चाकं आणि मागची चाकं यांतला फरक सांगितला. आजींनी तो काचेतून ऐकला. "त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या, "बैल गाडीच्या पुढेच जुंपतात." "पण आई, चढाला मागून माणसं लावावी लागायची की नाही? तूच सांगायचीस." "लावावी लागायची. तुझे आजोबा आधी चाळीस वेळा विचार करायचे आणि मग कुणी तरी दुसराच येऊन ढकलायचा," आजी म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्यांनी सेल्समनच्या हाताला हात लावून त्याला "थँक्यू" म्हटलं आणि खिशातून खडीसाखर काढून दिली. नऊवारीला खिसा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

काकूंनी आपली गाडी कशी घेतली तेही सांगायला हवं, म्हणजे त्यात सांगण्यासारखं काही नाही हे कळेल. शनिवारी जेवण झाल्यावर गेल्या, चहाच्या वेळेला होंडा ओडिसी घेऊन परत आल्या. आठ माणसं, तबला, पेटी, मंडळाचं मखर, गणपती आणायचा, पोचवायचा, सगळं त्या ओडिसीतून. कुठली चाकं फिरतात हे त्यांना काकांनी नंतर सांगितलं. "फिरतात ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

या ओडिसीवर काकांनी एका फेब्रुवारीत प्रयोग केला. त्यांच्या घराचा ड्राइव्हवे रस्त्यावरून वर चढतो. बर्फ पडला की ओढणारी गाडी तिथे चढायला कुरकुर करते, कारण चढावर वजन मागे जातं आणि फिरणारी पुढची चाकं हलकी होतात. काकांनी युक्ती काढली: गाडी उलटी चढवायची. रिव्हर्समध्ये फिरणारी चाकं उताराच्या बाजूला राहतात, वजन त्यांच्यावर येतं, पकड मिळते. तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. सकाळी सहाला, पायजम्यावर कोट घालून, काका ती प्रचंड ओडिसी पाठमोरी वर चढवत होते. समोरचा म्हातारा गोरा शेजारी हातात कॉफी घेऊन पोर्चवर उभा होता. त्याची सुबारू चारही चाकांची; त्याला या सगळ्याचं नुसतं कौतुक. ओडिसी सरसर वर आली. काका विजयी मुद्रेने उतरले, काकूंना हाक मारली आणि बर्फात उभ्या-उभ्या वजनाचं स्थलांतर समजावून सांगितलं. काकू लॅपटॉपची बॅग घेऊन गाडीत बसल्या. "बरं केलंत," त्या म्हणाल्या, "तोंड रस्त्याकडे करून ठेवलंत ते," आणि गेल्या.

अशा या काकांना गेल्या वर्षी एक शिष्य मिळाला. पुण्याहून नोकरीला आलेला मुलगा, अविवाहित, अपार्टमेंटमध्ये राहणारा, हौशी. त्याने आपण होऊन विचारलं, "काका, फ्रंट घेऊ की रिअर?" आजवर हा प्रश्न काकांना कुणी विचारला नव्हता, तो नेहमी त्यांनीच विचारला होता. त्यांचा गळा दाटून आला असावा. दोन आठवडे रोज संध्याकाळी फोन चालला. एक्सेल त्याच्याकडे गेली. तिसऱ्या आठवड्यात मुलगा मंडळात आला तो सेकंडहँड मियाटा घेऊन.

"अरे, घेतलीससुद्धा? आपलं अजून टायरांच्या रुंदीवर बोलणं व्हायचं होतं!"

"तुमचं सगळं ऐकतच होतो काका. मध्ये एक दिवस तुम्हाला मीटिंग होती, तेव्हा घेऊन टाकली."

काका त्या दिवशी कट्टर फ्रंटचे झाले. ऑगस्ट महिना होता तरी.

जानेवारीत पहिला मोठा बर्फ पडला आणि रविवारी सकाळी काकांचा मला फोन आला. आवाजात उत्सव होता. "अडकली! मी म्हणालो होतो. चल लवकर."

आम्ही पोचलो तेव्हा मियाटा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तिरकी उभी होती, मागची चाकं आपापली खळगी खणून त्यात बसलेली. काकांनी कोरोलाची डिकी उघडली. त्यात फावडं होतं, ओढायचा पट्टा होता आणि मांजरांच्या शू-शीसाठी मिळते त्या वाळूच्या दोन पिशव्या होत्या. चाकांखाली टाकली की पकड येते. काकांकडे मांजर नाही. हे सगळं सामान त्यांनी न घेतलेल्या गाडीसाठी केव्हाच घेऊन ठेवलं होतं.

"टायर कुठले?" त्यांनी विचारलं.

"आलेत तेच."

काका खाली वाकले, टायरवर बोट फिरवलं. "उन्हाळी! अरे, सात अंशांच्या खाली हे रबर लाकूड होतं. गाडीचा दोष नाही हा." आणि मग, बर्फ पडत असताना, त्यांनी आम्हाला रबराच्या रसायनापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. मुलाच्या भुवया पांढऱ्या झाल्या. मग वाळू टाकली, मी आणि काका मागून लागलो, मुलाने हलकेच क्लच सोडला आणि मियाटा निघाली.

"बसता का काका?" मुलाने किल्ली पुढे केली.

काकांनी हातमोजे काढले, परत घातले, परत काढले. बसले. पद्मिनीवर शिकलेला पाय क्लचवर गेला. पार्किंगचा पलीकडचा भाग मोकळा होता, एकही गाडी नाही, पांढरंशुभ्र सपाट. पहिली फेरी सत्यनारायणाच्या प्रदक्षिणेच्या वेगाने झाली. दुसऱ्या फेरीला वळणावर गाडीचा मागचा भाग हळूच बाहेर निघाला, काकांनी स्टिअरिंग उलट फिरवलं, गाडी सरळ झाली. तिसऱ्या फेरीला तो मुद्दाम काढलेला होता. चौथ्या फेरीला काच खाली आली आणि आतून हसू ऐकू आलं. काका मोठ्याने हसतात हे मला ठाऊक नव्हतं. मग आम्ही फेऱ्या मोजणं सोडून दिलं आणि कोरोलात हीटर लावून बसलो.

काकू फोनवर होत्या. "पोचलेत का तिकडे?"

"पोचलेत," मी म्हणालो. "फिरताहेत."

अखेर काका उतरले. नाक लाल, चष्म्यावर धुकं, मफलर एका बाजूला. मियाटाच्या बॉनेटवर त्यांनी दोन वेळा थाप मारली. काही वेळ काही बोलले नाहीत.

"मागचीच," ते म्हणाले. "संपला विषय. थंडी, उन्हाळा, काही नाही. मागचीच."

"म्हणजे काका, घेताय?" मुलगा म्हणाला.

"घेणार म्हणजे काय, घेणारच." काकांनी खिशातून फोन काढला, अंगठ्याने बर्फ पुसला आणि एक्सेल उघडली. "फक्त आधी बर्फाचे टायर ठरू देत. ब्लिझॅक की एक्स-आइस?"